सनराइजच्या आधीची रांग

३१ मे २०२३ रोजी चौंडी येथे अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीच्या कार्यक्रमात अहमदनगर जिल्ह्याचे नाव ‘अहिल्यानगर’ करण्याची घोषणा झाली. मंत्रिमंडळाने मंजुरी दिली १३ मार्च २०२४ ला आणि अधिसूचना निघाली त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. नेवाशासह सगळ्या तालुक्यांच्या कागदपत्रांवर नवे नाव चढायला असा सव्वा वर्षाहून अधिक काळ गेला. इंटरनेटवरच्या नावांची नोंदवही मात्र राजपत्रासाठी थांबत नाही. घोषणा ऐकताच कोणी नव्या नावाला ‘डॉट कॉम’ किंवा दुसरे एखादे शेपूट जोडून ते स्वतःच्या नावे करून घेतले असते, तर त्याला थांबवणारा नियम नव्हता. जाहीर होणे आणि अमलात येणे यांच्या मधल्या अशाच काळावर डोमेनचे व्यापारी नजर ठेवून असतात. नव्या शेपटांच्या बाबतीत तर हा मधला काळ ओळखून आधीच रांगेत उभे राहणे, हा एक वेगळा धंदाच झाला.

सुरुवातीला अशी रांग नव्हती. १५ मार्च १९८५ ला सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे पहिले डॉट कॉम नाव नोंदले गेले, तेव्हा नोंदणी फुकट होती आणि मागणारेही मोजके होते. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांच्या नोंदणीसाठी शंभर डॉलर शुल्क लागू झाले. शुल्क आले तसा भावही आला. बिझनेस डॉट कॉम हे नाव १९९९ साली पंचाहत्तर लाख डॉलरला विकले गेले. त्याच वर्षी रेडिफ या इंटरनेट कंपनीने ‘रॅडिफ डॉट कॉम’ घेणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखेच संरक्षण मिळायला हवे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आणि निकाल रेडिफच्या बाजूने दिला.

डॉट कॉममधली चांगली नावे संपत आली तेव्हा नवी शेपटे काढायचे ठरले. त्याबरोबर प्रश्न उभा राहिला : दार उघडताच नामांकित कंपन्यांची नावे भलतेच लोक घेऊन गेले तर? त्याचे उत्तर म्हणून ‘सनराइज’ आला. सर्वांसाठी नोंदणी खुली होण्याआधी काही आठवडे फक्त ट्रेडमार्कधारकांना नाव मागता येईल, अशी ही सोय. जुलै २००१ मध्ये डॉट इन्फोने ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर राबवली. पण त्या वेळी अर्जदाराचा ट्रेडमार्क खरा आहे की नाही, हे आधी तपासलेच जात नव्हते. अनेकांनी खोटे क्रमांक आणि काल्पनिक तारखा भरून सर्वसामान्य शब्द लाटले. पुढे पंधरा हजारांहून अधिक नावांवर आक्षेप नोंदवले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य आक्षेप रजिस्ट्रीला, म्हणजे ते शेपूट चालवणाऱ्या संस्थेलाच, घ्यावे लागले.

युरोपच्या डॉट ईयूने कागद तपासण्याचा नियम केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी कागदच तयार केले. एकाने ‘रायफेन’ म्हणजे टायर या जर्मन शब्दाच्या प्रत्येक अक्षराच्या मागेपुढे ‘अँड’चे चिन्ह घालून स्वीडनमध्ये ट्रेडमार्क नोंदवला, तोही सीटबेल्टसाठी. डोमेनमध्ये असे चिन्ह बसत नसल्याने ते गाळता येत असे. चिन्हे गळाली की हाती सरळ ‘रायफेन डॉट ईयू’ येई. अशाच रीतीने त्याने ३३ शब्दांचे ट्रेडमार्क घेतले होते. युरोपीय न्यायालयाने जून २०१० मध्ये अशा वागण्याकडे अप्रामाणिक हेतू म्हणून पाहता येईल असा निर्वाळा दिला. एप्रिल २००६ मध्ये डॉट ईयू सर्वांसाठी उघडले, तेव्हाची युक्ती आणखी वेगळी होती. प्रत्येक रजिस्ट्रारला, म्हणजे ग्राहकांसाठी नावे नोंदवणाऱ्या कंपनीला, नाव मागण्याची सारखी संधी होती, म्हणून काहींनी केवळ जास्त संधी मिळवण्यासाठी नावापुरत्या शेकडो रजिस्ट्रार कंपन्या उभ्या केल्या. त्यानंतर ७४ हजार नावे गोठवण्यात आली.

भारताच्या डॉट इनची गोष्टही याच सुमाराची. १९९२ ते २००४ या काळात कडक नियमांमुळे डॉट इनखाली जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली होती. २००५ मध्ये नियम सैल झाले. १ ते २१ जानेवारी हा ट्रेडमार्कधारकांचा सनराइज झाला आणि १६ फेब्रुवारीपासून नोंदणी सर्वांना खुली झाली. तंटे सोडवण्यासाठी लवादाचे स्वतंत्र धोरणही आले.

डोमेनच्या धंद्यातला एक मोठा घटक महाराष्ट्रात सुरू झाला. भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी १९९८ साली मुंबईत डायरेक्टी ही कंपनी सुरू केली. रिसेलरक्लब या तिच्या सेवेमुळे लहान शहरातला वेबसाइट बनवणारासुद्धा खात्यात आगाऊ पैसे भरून आपल्या ग्राहकांना डोमेन विकू लागला. २०१२ मध्ये डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनने नव्या शेपटांसाठी अर्ज मागवले तेव्हा १,९३० अर्ज आले. एका अर्जाचे शुल्क होते १,८५,००० डॉलर. त्यांतले ३१ अर्ज डायरेक्टीच्या रॅडिक्सचे होते. डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर आणि डॉट टेक ही शेपटे आज रॅडिक्सकडे आहेत.

असा किरकोळ विक्रेता, म्हणजे रिसेलर, ज्याला ‘प्री-रजिस्ट्रेशन’ म्हणतो, ती खरे तर नोंदणी नसतेच. शेपूट उघडेपर्यंत नाव कोणाच्याही मालकीचे होत नाही. रिसेलर फक्त ग्राहकाची इच्छा लिहून घेतो, आणि ठरलेला क्षण आला की त्याचा रजिस्ट्रार साठलेल्या सगळ्या मागण्या एकदम रजिस्ट्रीकडे सोडतो. ज्याची मागणी आधी पोहोचेल त्याला नाव. एकाच नावाचे दोन ग्राहक एकाच रजिस्ट्रारकडे असले, तर बरेचदा लिलाव होतो. काही रजिस्ट्री पहिले काही दिवस चढा दर लावतात आणि रोज तो उतरवत नेतात. घाई असेल त्याने जास्त मोजावे. नेवासा फाट्यासारख्या ठिकाणी रस्ता रुंद होणार अशी कुणकुण लागताच कडेच्या जमिनींचे व्यवहार सुरू व्हावेत, तसा हा प्रकार आहे.

या सगळ्या व्यवस्थेत गावांची आणि देवस्थानांची नावे मात्र उघडी राहतात. सनराइजचे दार ट्रेडमार्कच्या प्रमाणपत्रावर उघडते. नेवासा, तिथले पैस देवस्थान, प्रवरासंगम ही नावे शतकानुशतके लोकांच्या तोंडी आहेत, पण नुसत्या गावाच्या नावाचे असे प्रमाणपत्र गावाकडे नसते. बार्सिलोना डॉट कॉम हे नाव जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या लवादाने २००० साली त्या शहराच्या नगरपालिकेला देऊ केले होते. २००३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने नगरपालिकेविरुद्ध निकाल दिला, कारण अमेरिकी कायद्यात निव्वळ स्थळाचे नाव हा ट्रेडमार्क होत नाही. त्यात स्पेलिंगची भर. नेवासा इंग्रजीत ‘व्ही’नेही लिहितात आणि ‘डब्ल्यू’नेही, मराठीत नेवासे हेही रूप चालते. २७ ऑगस्ट २०१४ ला देवनागरी ‘डॉट भारत’ सुरू झाले, तेव्हापासून त्यात मराठी रूपेही घेता येतात; यांतले प्रत्येक रूप म्हणजे एक वेगळे डोमेन आहे.

नेवासा तालुक्यातल्याच शनी शिंगणापूरच्या देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप चालवून भाविकांकडून ऑनलाइन पूजेचे पैसे घेतल्याचे आरोप २०२५ मध्ये झाले आणि तो विषय विधानसभेतही आला. तो प्रकार डोमेनचा नसून ॲपचा असला, तरी श्रद्धेचे नाव दुसऱ्याच्या हाती गेले की भाविकाला खरे-खोटे कळणे किती अवघड होते, ते त्यातून दिसले.

नव्या शेपटांच्या अर्जांची पुढची फेरी आयकॅनने एप्रिल २०२६ साठी जाहीर केली, शुल्क २,२७,००० डॉलर. त्यातून मंजूर होणाऱ्या शेपटांसाठी पुन्हा सनराइज येतील आणि पुन्हा रांगा लागतील. नगरपंचायतीला ‘जीओव्ही डॉट इन’चा पत्ता मिळू शकतो, तो फक्त सरकारी संस्थांना दिला जातो, त्यामुळे तिथे धावपळ नाही. देवस्थान, वाचनालय, शेतकरी उत्पादक कंपनी यांना मात्र स्वतःच हालचाल करावी लागेल. आपल्या संस्थेचे नाव आत्ताच ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचे आणि ते वापराच्या पुराव्यासह आयकॅनच्या ट्रेडमार्क क्लिअरिंगहाउसमध्ये दाखल करायचे, म्हणजे सनराइजमध्ये अर्ज करता येतो. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी निदान डॉट इन आणि डॉट भारतमधली आपल्या नावाची सगळी रूपे घेऊन ठेवावीत आणि दर वर्षीचे नूतनीकरण एखाद्या पदाधिकाऱ्याच्या खासगी ईमेलऐवजी संस्थेच्या ईमेलवर ठेवावे.