डोंगर लांबून बघावा

गंगाखेड म्हटलं की जनाबाई आठवतात आणि जनाबाई म्हटलं की जातं. आज बोलायचं आहे ते त्या जात्याच्या दगडाबद्दल, डोंगराबद्दल आणि डोंगराच्या फोटोबद्दल. या तिन्हींचं नातं काय, असं वाटेल. ऐका तर खरं.

आपलं जातं, पाटा-वरवंटा, विहीर खणताना लागतो तो काळा पाषाण, हा सगळा एके काळी रस होता. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, तापलेला रस बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला. भाकरीवर भाकरी ठेवावी तसे हे थर साचले. म्हणून तर आपल्या बालाघाटाच्या टेकड्या माथ्यावर सपाट दिसतात.

जपानमधला फुजी पर्वतही ज्वालामुखीचाच. पण तिथं रस मुख्यतः एकाच तोंडातून वर आला आणि भोवती साचत गेला. त्यामुळे धान्याच्या राशीसारखा निमुळता डोंगर तयार झाला. उंची 3776 मीटर. त्याचा शेवटचा उद्रेक 1707 साली झाला. वर्षातले बरेच महिने माथ्यावर बर्फ असतं. हवा स्वच्छ असली तर शंभर किलोमीटरवरच्या टोकियोतूनही तो दिसतो.

आता गंमत बघा. फुजीवर उभं राहिलं तर फुजी दिसत नाही. पायाखाली नुसती राख आणि खडक. रास दिसायला खळ्याबाहेर यावं लागतं, तसंच डोंगराचं. म्हणून फोटो काढणारे लांब जाऊन उभे राहत. 1863 साली फेलिचे बेआतो हा फोटोग्राफर जपानला गेला. तेव्हा काचेवर औषध लावायचं आणि ती ओली असतानाच फोटो घेऊन धुवायचा, अशी पद्धत होती. काच वाळली की काम वाया. त्यामुळे अंधाराचा तंबू, बाटल्या, पाणी, सगळं बिऱ्हाड बरोबर न्यावं लागे. त्यात त्या काळच्या काचेला निळा रंग नीट उमटवता येत नसे, आभाळ पांढरंफटक यायचं. बर्फ पांढरं, आभाळही पांढरं. मग डोंगराचा माथा ओळखायचा कसा? बेआतोकडे जपानी चित्रकार असत, ते फोटोंवर हाताने रंग भरत.

आणि बायकांचं काय? फुजी पवित्र मानला जाई, म्हणून माथ्यापर्यंत चढायला बायकांना बंदी होती. 1832 साली तात्सु ताकायामा नावाची बाई पुरुषाचे कपडे घालून वर गेली. बंदी सरकारने उठवली ती 1872 साली. तोपर्यंत बाईने डोंगर लांबूनच बघायचा, असा नियम.

आता आपल्या मराठवाड्यात येऊ. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निजामाचे फोटोग्राफर होते लाला दीनदयाळ. 1880 नंतरच्या दशकात त्यांनी वेरूळचे आणि दौलताबादचे फोटो काढले. दौलताबाद म्हणजे यादवांची देवगिरी. बर्फ नाही, पण लांबून बघितली तर फुजीसारखीच निमुळती टेकडी. ते ज्वालामुखीचं तोंड मात्र नव्हे. आजूबाजूचे थर ऊन-पावसाने झिजून गेले आणि मधला डोंगर उरला. त्याच्या खालच्या अंगाला दीडशे फुटांच्या आसपास उंचीचा सरळ कडा आहे. तो माणसांनी तासलेला आहे. किती हातांनी किती दिवस छिन्नी चालवली असेल, याचा अंदाज पायथ्याला टेकून येत नाही, लांबूनच येतो.

याच दीनदयाळांनी 1892 साली हैदराबादला फक्त बायकांसाठी स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायकांना परक्या पुरुषासमोर बसायला नको, म्हणून तिथलं काम केनी-लेव्हिक नावाच्या बाई बघत. मोठी गोष्ट होती ही. पण तिथं जाणाऱ्या बायका वाड्यांतल्या आणि हवेल्यांतल्या. शेतात राबणारी, नदीवरून घागर आणणारी आपली पणजी त्या स्टुडिओत कुठून जाणार? किल्ल्याचा फोटो राहिला, निजामाचा राहिला. पणजीचा चेहरा आज कितीजणींच्या घरात आहे?

फोटो नसला तर काय बिघडतं, असं कुणी विचारेल. आफ्रिकेत किलिमांजारो नावाचा डोंगर आहे, तोही ज्वालामुखीचा, माथ्यावर बर्फ. 1912 साली काढलेल्या फोटोंवरून मोजमाप करून त्याचा नकाशा तयार झाला. पुढे त्याच्याशी ताडून बघितलं तेव्हा कळलं, शंभर वर्षांच्या आत 80 टक्क्यांहून जास्त बर्फ गेलं. जुना पुरावा नसता, तर पूर्वी बर्फ पुष्कळ होतं एवढंच म्हातारी माणसं सांगत राहिली असती. ऐकणाऱ्यांनी मान डोलावली असती आणि विसरून गेले असते.

आपलंही तेच होतं. गोदावरीला पूर्वी पाणी किती असायचं, टेकडीवर झाड किती होतं, विहीर कोणत्या महिन्यात आटायची, हे आपण तोंडाने सांगतो. कागदावर काही नसतं. आता बचत गटात निदान एकीच्या हातात तरी कॅमेऱ्याचा फोन असतो. तर एक करा. गावाबाहेरची एक जागा ठरवा, एखादा पार किंवा पुलाचा कठडा. तिथून टेकडीचा, नदीचा, विहिरीचा फोटो घ्या. दरवर्षी त्याच जागेवरून, संक्रांतीला एक आणि पोळ्याला एक. तारीख गटाच्या वहीत लिहा. उद्या पाण्यासाठी ग्रामसभेत उभं राहाल तेव्हा ती वही आणि ते फोटो तुमच्या बाजूने बोलतील.

आणि हो, एखाद्या फोटोत टेकडीच्या पुढे आपल्या सगळ्याजणी उभ्या राहा. नावं मागे लिहून ठेवा. आपल्या पणतीला पणजीचा चेहरा दिसायला हवा.