पोटाचं दुखणं : ओवा-ताक कुठवर पुरतं आणि दवाखाना कधी गाठायचा?

एकलहरे (ता. नाशिक) : गोदाकाठच्या एकलहरे गावात दोन घड्याळं चालतात. एक शेताचं, दुसरं औष्णिक वीज केंद्राचं. शेतावर न्याहारी कामाच्या सवडीने होते, तर रात्रपाळीचा डबा मध्यरात्री उघडतो. तक्रारी मात्र दोन्हीकडे सारख्याच : गॅस, आंबट ढेकर, तडस लागणं, पोट साफ न होणं. त्यावर पहिला उपाय घरातच शोधला जातो. ओवा चावला जातो, ताक प्यायलं जातं, चूर्णाची पुडी निघते. यातलं बरंचसं उपयोगाचं आहे. पण प्रत्येक उपायाला एक हद्द आहे आणि ती माहीत नसली की नुकसान होतं.

पोटाचा संबंध फक्त जेवणाशी नाही

माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू राहतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. आपल्याला न पचणारा चोथा ते आंबवतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोषण मिळतं. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं मोठं जाळं आहे. झोप आणि मनःस्थितीशी जोडलेलं सेरोटोनिन हे रसायन सुमारे 90 टक्के आतड्यात तयार होतं. ते तिथून थेट मेंदूत जात नाही. पण आतडं आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंमार्फत सतत निरोप जात-येत असतात. परीक्षेला जाताना पोटात गोळा येतो, तो उगाच नाही.

पोटातल्या बिघाडाचा परिणाम किती दूर जाऊ शकतो, हे पुण्याने जानेवारी 2025 मध्ये पाहिलं. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात ‘गुलियन बॅरे सिंड्रोम’चे रुग्ण वाढले आणि संशयितांची संख्या 200 च्या पुढे गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं. या आजारात आधी जुलाब होतात; मग शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातापायांतलं बळ जातं.

आयुर्वेदानेही पचनाला मध्यभागी ठेवलं आहे. जठराग्नीचे सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद असे चार प्रकार सांगितले आहेत आणि मंदाग्नी हे बहुतेक रोगांचं मूळ मानलं आहे.

रात्रपाळी आणि पोट

पचनसंस्थेलाही दिवस-रात्र कळते. रात्री जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे मध्यरात्री भरपेट तिखट जेवण, वर दोन-तीन कप चहा आणि सकाळी घरी येऊन लगेच आडवं होणं, यातून पित्त वाढतं. मुख्य जेवण पाळीवर जाण्याआधी करावं, मध्यरात्री हलकं खावं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं.

‘मिश्री किंवा तंबाखू लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हा समज गावोगाव आहे. तंबाखूतल्या निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते हे खरं. पण त्याची किंमत तोंडाच्या कर्करोगाच्या धोक्याने मोजावी लागते. सकाळी कोमट पाणी, ठरलेली वेळ आणि थोडं चालणं यानेही ती सवय लागते.

स्वयंपाकघरातले उपाय : काय आणि किती

* ताक : लोणी काढलेलं ताजं ताक पचायला हलकं असतं. चरकसंहितेत मूळव्याधीवर ताकाची थोरवी सांगितली आहे. दही लावणारे जिवाणू ताकात जिवंत असतात. त्याची कढी उकळली की चव राहते, जिवाणू मरतात. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ बेतानं घालावं.
* ओवा, जिरं, हिंग : ओव्यातलं थायमॉल वायू आणि मुरड्यावर आराम देतं. मोठ्या माणसाला अर्धा चमचा ओवा कोमट पाण्यासोबत पुरतो.
* इसबगोल : हा भुसा पाणी धरून मळ मऊ करतो. एक-दोन चमचे, पण भरपूर पाण्यासोबतच. कोरडा घेतला तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतो.
* त्रिफळा : हिरडा, बेहडा, आवळा यांचं चूर्ण रात्री कोमट पाण्यातून घेतात. जुलाब होत असताना घेऊ नये. गरोदर बाईने वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये.
* बाजरी आणि नागली : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम बाजरीत आणि नागलीत प्रत्येकी सुमारे 11 ग्रॅम चोथा असतो, पांढऱ्या तांदळात तो 3 ग्रॅमच्याही खाली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांत पिकणारी नागली भाकरी किंवा आंबिलीच्या रूपाने ताटात आली, तर चूर्णाची गरजच कमी पडते.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे झाले. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं आणि त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, हे तपासलं गेलं नसल्याकडे लक्ष वेधलं. गावातल्या माणसासाठी दोन्ही बाजूंतून एकच धडा निघतो : वेल ओळखल्याशिवाय, प्रमाण ठरल्याशिवाय महिनोन्‌महिने काढा पिऊ नये.

‘पोट साफ’ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ती रोज घेत राहिली तर शरीरातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं. खाण्याच्या सोड्यात सोडियम भरपूर असतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तो टाळावा. पोटात जोराची कळ असताना एरंडेल तर कधीच देऊ नये. दुखणं अपेंडिक्सचं असेल, तर रेचकाने ते फुटण्याचा धोका वाढतो.

वर्षानुवर्षं ‘पित्त आहे’ म्हणून गोळ्या गिळणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातल्या व्रणांमागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो हे दाखवलं. त्यासाठी त्यांना 2005 चं नोबेल मिळालं. असा व्रण योग्य औषधांनी कायमचा बरा होऊ शकतो. ओव्याने तो बरा होत नाही.

जुलाबात पहिलं औषध पाणीच

1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाईन कमी पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे द्यायला लावलं. 30 टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं. हेच आजचं ओआरएस.

पुडी हाताशी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावं. चमचा चहाचा घ्यावा. मीठ जास्त पडलं तर लेकराला अपाय होतो. सोबत झिंकच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण द्याव्यात, जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नयेत. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नये.

बाळगुटीचा विषय नाजूक आहे, कारण ती आजीच्या मायेनं दिली जाते. पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीही देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उगाळायच्या सहाणेवरून आणि पाण्यातून जंतू थेट बाळाच्या पोटात जातात. पोट फुगलं तर बेंबीभोवती हिंगाचा लेप लावण्याची रीत आहे. हिंग तोंडात मात्र घालू नये.

घरी थांबू नका, जर...

* शौचातून रक्त पडलं किंवा शौच डांबरासारखं काळं झालं
* बेंबीजवळची कळ उजवीकडे खाली सरकली आणि ताप आला
* लेकराचे डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, ते सुस्त पडलं
* उलट्यांमुळे पाणीही पोटात ठरत नाही
* जुलाबानंतर हातापायांत मुंग्या येऊन बळ गेलं
* कारण नसताना वजन घटतंय, किंवा चाळिशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलली

यातलं एकही लक्षण दिसलं तर ओवा-ताक बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जवळचा दवाखाना गाठावा. ओआरएसच्या पुड्या गावातल्या आशाताईंकडे मिळतात. डॉक्टरांकडे जाताना घरी कोणता काढा, कोणतं चूर्ण, किती दिवस घेतलं, हे न लपवता सांगावं. पुडी शिल्लक असेल तर ती सोबत न्यावी.