मेकेल्स डायव्हर्टिक्युलम : आतड्यातली जन्मजात पिशवी

सुरत : लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शंभरातल्या साधारण २ जणांना जन्मतःच एक छोटी पिशवी असते. गर्भातली एक नळी पूर्ण विरघळली नाही की ती उरते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ मेकेल यांनी १८०९ मध्ये तिचे वर्णन केले. बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही.

गुंतागुंत : पिशवीत कधी जठरासारखे अस्तर असते. त्यातल्या आम्लाने शेजारच्या आतड्याला जखम होते आणि लहान मुलांना पोट न दुखताच शौचातून रक्त जाते. मोठ्यांमध्ये आतडे अडकते किंवा पिशवीला सूज येते. दुखणे हुबेहूब अपेंडिक्ससारखे.

निदान : सोनोग्राफी, सीटी स्कॅनमध्ये ती बऱ्याचदा सापडत नाही. रक्तस्राव असेल तर टेक्नेशियम स्कॅन उपयोगी पडतो. अनेकदा अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्येच ती दिसते. त्रास देणारी पिशवी ऑपरेशनने काढतात.

लिंबायत, उधन्यातल्या खान्देशी कुटुंबांना नवी सिव्हिल आणि स्मिमेर ही सरकारी व पालिकेची रुग्णालये जवळची. मुलाच्या शौचात रक्त, हिरवी उलटी किंवा पोट फुगलेले दिसले, तर मूळव्याध, उष्णता म्हणून घरी थांबू नका, गावी जायची वाटही बघू नका. लगेच दवाखाना गाठा.