एस, पी, डी, एफ : चार शेऱ्यांची कुळकथा

रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात अणुरचनेचे प्रकरण उघडले, की इलेक्ट्रॉनांच्या कक्षकांना एस, पी, डी, एफ ही चार अक्षरे बहाल केलेली आढळतात; ती वर्णानुक्रमाने नाहीत, कक्षकांच्या आकाराशी त्यांचे नाते नाही, कोणा संशोधकाची आद्याक्षरेही ती नव्हेत, आणि तरीही विद्यार्थी ती निमूटपणे पाठ करतो, कारण परीक्षेत २, ६, १०, १४ हे धारणक्षमतेचे आकडे विचारतात, अक्षरांची वंशावळ कोणी विचारत नाही. ही वंशावळ एकोणिसाव्या शतकातील वर्णपटांच्या दप्तरात आहे. आणि ते दप्तर लिहिणाऱ्यांना इलेक्ट्रॉन ठाऊक असण्याचा संभवच नव्हता, कारण तो सापडला १८९७ साली.

ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकले, की ती पिवळीधमक होते. तोच प्रकाश चांगल्या वर्णपटदर्शकातून पाहिला, तर ५८९० आणि ५८९६ आंगस्ट्रॉम तरंगलांबीच्या, एकमेकींना खेटून असलेल्या दोन रेषा दिसतात. या सोडियमच्या रेषा होत. ज्या मूलद्रव्याच्या रेषा त्याच्याच, हे बुन्सेन आणि किर्खोफ यांनी हायडेलबर्ग येथे १८६० च्या सुमारास सिद्ध केल्यावर युरोपातील प्रयोगशाळांतून रेषांची मोजदाद सुरू झाली. केंब्रिजच्या लिव्हिंग आणि ड्यूअर या जोडीला सोडियम व पोटॅशियम यांच्या वर्णपटांत असे दिसून आले, की काही रेषा धारदार आहेत, काही कडांना विरघळल्यासारख्या पसरट आहेत, आणि त्या आळीपाळीने येतात. एखाद्या चोख कारकुनाने अर्जाच्या समासात मारावा तसा हा शेरा होता, एवढेच. इंग्रजीत धारदार म्हणजे शार्प आणि पसरट म्हणजे डिफ्यूज. एस आणि डी यांचा जन्म हा असा, केवळ डोळ्यांना दिसले त्यावरून झालेला.

या शेऱ्यांना शिस्त लावली ती स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या योहानेस रिडबर्ग यांनी, आणि माझ्या मते या साऱ्या कथेत ज्याच्या पदरी वाजवीपेक्षा कमी श्रेय पडले असा पुरुष तोच. बाझेलच्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या बाल्मर यांनी १८८५ साली हायड्रोजनच्या चार दृश्य रेषा एका सूत्रात गोवल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु रिडबर्ग यांनी तरंगलांबीऐवजी एका सेंटिमीटरात मावणाऱ्या तरंगांची संख्या हाती धरली, आणि १८९० साली दाखवून दिले, की अनेक मूलद्रव्यांच्या रेषा स्वतंत्र मालिकांत विभागता येतात, प्रत्येक रेषा दोन पदांची वजाबाकी असते, आणि सर्वांच्या सूत्रांत सुमारे १,०९,७०० हा एकच स्थिरांक ठाण मांडून असतो. बाल्मर यांचे सूत्र या व्यापक सूत्राचा एक विशेष दाखला ठरले. मालिकांची नावे ठरली शार्प, डिफ्यूज, आणि जी सर्वांत तेजस्वी ती प्रिन्सिपल, म्हणजे मुख्य. मिठाची ती पिवळी जोडी या मुख्य मालिकेतलीच. गंमत अशी, की फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटातील रेषांना अक्षरे देताना तिला डी म्हटले होते, आणि त्या डीचा आपल्या डीशी काडीचाही संबंध नाही.

एफ सर्वांत धाकटा. बेर्गमान यांनी १९०७ च्या सुमारास अवरक्त भागात आणखी एक मालिका शोधली; तिची पदे हायड्रोजनच्या पदांशी फारच जुळत असल्यामुळे तिला फंडामेंटल, अर्थात मूलभूत, ही पदवी मिळाली. ती निव्वळ अनाठायी होय. या मालिकेत इतरांहून अधिक मूलभूत असे काहीही नाही.

१९१३ साली बोर यांनी अणूतील ऊर्जापातळ्यांची कल्पना मांडली, आणि वजाबाकीतली ती दोन पदे म्हणजे दोन पातळ्या, हा उलगडा झाला. झोमरफेल्ड यांनी कक्षा लंबवर्तुळाकार करून दुसरा पुंजांक आणला. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांच्या समीकरणाने कक्षा मोडीत काढून संभाव्यतेचे ढग आणले. या साऱ्या फेरफारांत जुनी नावे खारीज झाली नाहीत. इलेक्ट्रॉन ज्या वरच्या पातळीवरून खाली येतो तिला मालिकेचे अक्षर लागले: शार्प मालिका एसवरून पीवर, मुख्य पीवरून एसवर, डिफ्यूज डीवरून पीवर, फंडामेंटल एफवरून डीवर. कोनीय संवेगाच्या ०, १, २, ३ या पुंजांकांना तीच अक्षरे मुक्रर झाली, आणि हुंड यांच्या १९२७ सालच्या ग्रंथापर्यंत ही वहिवाट पक्की झाली. डीच्या रेषा पसरट का, याचेही उत्तर यथावकाश मिळाले: भोवतालच्या विद्युतभारित कणांच्या क्षेत्राने त्या पातळ्या अधिक सहजपणे विचलित होतात. म्हणजे केंब्रिजच्या त्या जोडीने समासात लिहिले ते डोळ्यांचा भ्रम नव्हते.

एफच्या पुढे मात्र कल्पकता आटली, आणि जी, एच, आय अशी वर्णमालाच लावून दिली गेली. त्यात जे वगळला आहे. जी कक्षकात १८ इलेक्ट्रॉनांची सोय आहे आणि उत्तेजित अणूचा इलेक्ट्रॉन तेथे घटकाभर वस्तीला जातोही. परंतु आजवर ज्ञात असलेल्या ११८ मूलद्रव्यांपैकी एकाचाही इलेक्ट्रॉन, अणू मूळ अवस्थेत असताना, तेथे कायमचा बिऱ्हाड करून राहिलेला नाही.