मंडूकवाणीचा इतिहास

मृगाची पहिली दमदार सर तापीकांठच्या काळ्या मातीवर कोसळली, कीं जळगांव-धुळ्याच्या शिवारांत त्याच रात्रीं बेडकांचा गजर उठतो. थंड देशांत हा स्वर वसंताची वर्दी देतो. खानदेशांत तो वर्षाऋतूची देतो. पंचांगकर्त्यांनीं पावसाच्या नक्षत्रांना जीं वाहनें कल्पिलीं, त्यांत बेडूकही आहे. आणि तें वाहन आलें म्हणजे शेतकरी चांगल्या पावसाची आशा धरतो.

या आवाजांतील भेद आपल्या पूर्वजांनीं फार प्राचीन काळीं टिपला होता. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील १०३ वें सूक्त मंडूकांसच वाहिलेलें आहे. एकाच नांवाच्या या प्राण्यांत कोणाचा स्वर गाईच्या हंबरण्याची, तर कोणाचा बकऱ्याच्या ओरडण्याची आठवण देतो, हें तेथें नमूद आहे. त्यांच्या रंगांतील फरकही ऋषीच्या नजरेंतून सुटलेला नाहीं.

ओरडतो तो बहुधा नर. गळ्याची पिशवी फुगवून तो मादीस साद घालतो, आणि प्रत्येक जातीचा स्वर निराळा असल्यामुळें मादी आपल्याच जातीचा नर अचूक ओळखते. पावसाळ्यांत पिवळाधमक होणाऱ्या मोठ्या बेडकाचा आवाज खोल व भरदार असतो; अरुंद तोंडाच्या इवल्याशा बेडकाचा देहाच्या मानानें विलक्षण मोठा व कर्कश; झाडावरील बेडकाचा लांकडावर ठोकल्यासारखा.

या वाणीवर विसाव्या शतकांत मोठें संकट आलें. बेडकांच्या तंगड्या परदेशीं पाठविण्याचा व्यापार वाढला आणि प्रतिवर्षीं हजारों टन माल जाऊं लागला. पिकांवरील किडे खाणारा हा मूक नव्हे, तर बोलका सेवक नाहींसा झाल्यास शेतीची हानि होईल, असें मुंबईचे निसर्गाभ्यासक हुमायून अब्दुलाली यांनीं आग्रहानें मांडलें. अखेर १९८७ सालीं सरकारनें ही निर्यात बंद केली. सह्याद्रींतील एका निशाचर बेडकास १९५५ सालींच त्यांचें नांव मिळालें होतें. त्या जातींत नराबरोबर मादीही साद देते, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें.

निर्यात थांबली, तरी डबकीं बुजत गेलीं व शेतांत विषारी औषधें वाढत गेलीं, तर हा गजर पुन्हां क्षीण होईल. म्हणून मृगाच्या रात्रीं क्षणभर कान देऊन किती निराळे स्वर ऐकूं येतात, तें मोजावें. ज्या शिवारांत ते अनेक आहेत, तेथें पाणी व माती अद्याप जिवंत आहेत.