घाटाखालचा मे महिना आणि तापणारा बोर्ड

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हे काय मध्येच? विषय आहे तापणारा बोर्ड. तोच तो हिरवा किंवा निळा, प्रोजेक्टसाठी मागवलेला, ज्याच्यावरचा एखादा काळा तुकडा पाच मिनिटांत इतका तापतो की बोट ठेववत नाही.

बुलडाणा जिल्ह्यात राहणाऱ्यांना 'घाटावर' आणि 'घाटाखाली' हे शब्द समजावून सांगायला नकोत. बुलडाणा, चिखली, मेहकर वर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर खाली. मे महिन्यात घाटावर पंखा लावून भागतं, खाली कूलरलाही घाम फुटतो. हा फरक आपल्या बोर्डालाही कळतो, आणि तो कसा कळतो यामागे पावणेदोनशे वर्षांची गोष्ट आहे.

सुरुवात जूलपासून. जेम्स जूल, मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधल्या बिअर बनवणाऱ्या घरातला मुलगा. 1840 च्या सुमारास त्यानं तारेचं वेटोळं पाण्यात बुडवलं, वीज सोडली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. निष्कर्ष असा, की विजेचा प्रवाह दुप्पट केला तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. पाणी तापवायचं हीटर याच नियमावर चालतं आणि तुमचा बोर्डही याच नियमानं जळतो. निसर्गाला दोन्ही सारखेच.

पुढे इलेक्ट्रॉनिक्स आलं, तेव्हा बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक्स म्हणजेच उष्णता होती. व्हॉल्व्हच्या आत एक तार लालबुंद तापवल्याशिवाय त्याचं काम सुरूच व्हायचं नाही. आजोबांच्या काळचा रेडिओ बटण फिरवल्यावर लगेच बोलायचा नाही, तो आधी तापायचा. 1946 साली अमेरिकेत जगासमोर आलेल्या एनिॲकमध्ये असे जवळजवळ 18,000 व्हॉल्व्ह होते आणि तो 150 किलोवॅट वीज खायचा. त्याचे व्हॉल्व्ह बहुतेक वेळा यंत्र चालू किंवा बंद करतानाच जायचे, तापताना आणि निवताना. म्हणून ते शक्यतो बंदच करायचे नाहीत!

आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) देशी बनावटीचा मोठा संगणक तयार झाला. तो 1960 मध्ये सुरू झाला आणि 1962 मध्ये नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. त्यात सुमारे 2,700 व्हॉल्व्ह. एका साध्या व्हॉल्व्हची नुसती आतली तार तापवायला दोनेक वॅट लागतात. गुणाकार करा, पाच किलोवॅटच्या वर निव्वळ शेगडी पेटली. गणित अजून सुरूच झालेलं नाही.

गंमत बघा, त्या काळी बिघाड शोधायची पहिली खूण उलटी होती. जो व्हॉल्व्ह पेटलेला दिसत नाही, हाताला गार लागतो, तो मेलेला. आज आपण गरम लागणारा तुकडा शोधतो आणि त्यालाच दोषी ठरवून मोकळे होतो. इथेच बहुतेकांचं चुकतं.

आता बोर्डाकडे या. मोटर पंपाच्या मोबाईल स्टार्टरचं उदाहरण घेऊ. शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या (स्थापना 1983) कॉलेजातल्या पोरांपासून खामगावच्या रिपेअरिंगवाल्यापर्यंत सगळ्यांना हा प्रकार ओळखीचा. बारा व्होल्ट आत येतात, बोर्डाला पाच हवेत. मधे बसतो तीन पायांचा 7805 रेग्युलेटर. वरचे सात व्होल्ट जातात कुठे? कुठेच नाही, तो ते उष्णता करून फेकतो. बोर्ड 0.2 अँपिअर ओढत असेल तर सात गुणिले 0.2, म्हणजे 1.4 वॅट. हीटसिंक नसेल तर दर वॅटमागे आतली चिप साधारण 65 अंश चढते. म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा 91 अंश जास्त.

डिसेंबरात टेबलावर हवा 25, चिप 116. मर्यादा 125 ची, म्हणजे पास. प्रोजेक्टला मार्कही मिळाले. मे महिन्यात घाटावर हवा 38 असेल तर चिप 129, मर्यादा ओलांडली. घाटाखाली 44 असेल तर 135. आणि तोच बोर्ड उन्हात टांगलेल्या पत्र्याच्या डब्यात असेल, आतली हवा 55 धरू, तर 146. बोर्ड तोच, कोड तोच, वायरिंग तेच. ऐन उन्हाळ्यात रात्रीची लाईट येते, स्टार्टर गप्प बसतो आणि संत्र्याची बाग तहानलेली राहते.

तो जळून का जात नाही, याचं श्रेय बॉब विडलर नावाच्या एका विक्षिप्त अमेरिकन डिझायनरला. 1970 च्या आसपास त्याचा एलएम109 हा पाच व्होल्टचा रेग्युलेटर आला. त्यात त्यानं ताप ओळखणारी व्यवस्था त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर बसवली. चिप फार तापली की ती स्वतःच हात आखडता घेते आणि निवली की पुन्हा सुरू होते. 7805 मध्येही हीच युक्ती आहे. म्हणून बोर्ड 'आपोआप बंद पडतो, आपोआप चालू होतो' ही तक्रार आली की कोड तपासत रात्र घालवण्याआधी रेग्युलेटरकडे बघा.

पण पकडायचं कसं? एक गोष्ट आधी. स्टार्टरच्या डब्यात 440 व्होल्ट असतात. तिथे बोट लावून ताप बघायचा शहाणपणा करू नका. बोर्ड सोडवून टेबलावर आणा, फक्त बारा व्होल्टवर चालवा.

आधी वीज बंद ठेवून मल्टिमीटर बीपवर लावा आणि पाच व्होल्टची लाईन व ग्राउंड यांच्यामध्ये धरा. सतत बीप वाजला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बरेचदा तडा गेलेला एखादा बारका सिरॅमिक कॅपॅसिटर. बीप नसेल तर वीज लावून प्रवाह मोजा. मग बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर द्या. जिथे सगळ्यात आधी वाळतो, तिथे ताप. मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात ही युक्ती रोज चालते.

समजा, रेग्युलेटरच तापलाय. बदलू का? थांबा. आधी एकेक गिऱ्हाईक काढून बघा: जीएसएम मॉड्यूल, सेन्सर, मग रिले. पाच व्होल्टचा साधा रिले चालू असताना सत्तरेक मिलिअँपिअर खातो. चार रिले एकदम लागले की 280. सात व्होल्टनं गुणा, दोन वॅटची भर. म्हणजे नुसत्या रिलेंमुळे चिप 130 अंश चढते. रेग्युलेटर बिचारा हमाल आहे, ओझं दुसऱ्यानंच टाकलंय. नवीन टाकला तरी तोही तापणारच. बारा व्होल्टचेच रिले घेऊन ते थेट बारावर चालवा, नाहीतर 7805 काढून बक कन्व्हर्टर लावा. बक जास्तीचे व्होल्ट जाळत नाही, त्यामुळे उष्णता फारच कमी.

हल्ली स्वस्तात इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो, काही दुकानांत थर्मल कॅमेराही दिसतो. त्यांचं मूळ 1800 सालात. विल्यम हर्शेल प्रिझममधून ऊन पाडून कोणता रंग किती तापवतो ते मोजत होता. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे ठेवलेला थर्मामीटर सगळ्यात जास्त चढला. तेच इन्फ्रारेड.

एवढंच लक्षात ठेवा, की हे यंत्र चकचकीत धातूवर खोटं बोलतं. 7805 ची पाठ चकाकते, त्यामुळे प्रत्यक्षात चटका बसेल इतकी तापलेली असूनही आकडा कमीच दिसतो. तिच्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि मग मोजा. हर्शेलनंही थर्मामीटरचे फुगे काळे करूनच घेतले होते.