एक नाव, तीन वाटा



इस्लामचे नाव घेऊन हत्यार उचलणाऱ्या साऱ्या संघटना सारख्याच, असे आपण सहज म्हणून जातो. इतिहासाला एवढ्यावर थांबून चालत नाही. महाराष्ट्राने अनुभवलेल्या तीन संघटना तपासून पाहू.

पहिले रझाकार. हे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे स्वयंसेवक दल; पुढारी लातूरचा वकील कासीम रझवी. हैदराबादची सत्ता तेथील मुसलमानांच्या सामुदायिक मालकीची, निजाम केवळ तिचे प्रतीक, हा मजलिसचा सिद्धांत. ध्येय संस्थानापुरते, म्हणून रीतही उघड : गणवेश, कवायत आणि मराठवाड्यातील गावांवर धाडी. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजांपुढे निजाम शरण आला आणि दलही मोडले. रझवी पुढे येरवड्याच्या तुरुंगात होता. १९५७ साली सुटून तो पाकिस्तानात गेला.

लष्कर-ए-तय्यबाचा रोख काश्मीरवर व भारतावर. पाकिस्तानच्या सत्तेशी तिचे वैर नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेल्या तिच्या दहा जणांनी मुंबईत १६६ माणसांचे प्राण घेतले. सीमेपलीकडून सूत्रधार फोनवर हुकूम सोडीत होते. मुलूख जिंकण्याचा हेतू येथे नव्हता; साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत दहशत बसवायची होती.

'इस्लामिक स्टेट'ने २०१४ साली खिलाफतच पुकारली. तिला राष्ट्रांच्या सीमा मान्य नाहीत आणि तिला न मानणारा मुसलमानही तिच्या लेखी धर्मभ्रष्ट. तिची हाक इंटरनेटवरून घरात पोचते. त्याच वर्षी कल्याणचे चार तरुण इराकला गेले.

ध्येये तीन, रीती तीन. दावा मात्र एक, की धर्माच्या वतीने बोलण्याचा मक्ता आमचा. त्याला त्याच धर्माच्या माणसांनी नकार दिला आहे. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लेखणी चालविली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. मुंबईच्या मुसलमानांनी २००८ च्या हल्लेखोरांच्या प्रेतांना कबरस्तानात जागा नाकारली.

हा भेद विसरला की काय होते, तेही १९४८ नेच दाखविले. पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेडकडे सूडाचे सत्र चालले आणि असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. कारवाईच्या वेळी व नंतर संस्थानात निदान २७ ते ४० हजार माणसे मेली, असा सुंदरलाल समितीचा अंदाज होता. मुसलमान तेवढा रझाकार, असे ज्यांनी ठरविले, त्यांनी रझवीचाच दावा खरा मानला होता.